नंबरवाले सांडूअण्णा

जालन्यात टॅक्सीसाठी फोन करून "गाडी नाही" हे उत्तर ज्यानं ऐकलं असेल, त्यानं सांडूअण्णांना फोन केलेला नव्हता एवढं नक्की. अण्णांच्या तोंडून हे दोन शब्द कधी बाहेर पडलेच नाहीत. तुम्ही कुठूनही, कोणत्याही घाईत फोन करा, पलीकडून शांत, भरवशाचा आवाज यायचा, "गाडी निघाली, साहेब." प्रत्यक्षात त्या वेळी गाडी टेंभुर्णीला वऱ्हाड घेऊन गेलेली असायची, किंवा चाक काढून जॅकवर उभी असायची. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टॅक्सी स्टँडच्या अगदी समोर असल्यामुळे मला फोनच्या या टोकाला काय चाललंय ते सगळं दिसायचं. एकदा न राहवून मी विचारलं, की अण्णा, इतकं धडधडीत खोटं तुम्हाला बोलवतं कसं?

"खोटं कुठंय?" अण्णा म्हणाले. "माझ्या मनातून निघालीच ना ती. आता रस्त्यानं यायला तिला टाइम लागून राह्यला, त्याला मी काय करू?"

सांडू हे नाव बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं, आमच्या भोकरदनकडे ते गल्लोगल्ली सापडेल. अण्णा केदारखेड्याचे. वडील मेंढ्या राखायचे, अण्णांनीही मिसरूड फुटेपर्यंत तेच केलं. पुढे जालन्यात येऊन एक जुनी जीप घेतली, मग हळूहळू आणखी गाड्या घेतल्या आणि 'बाणाई ट्रॅव्हल्स' अशी पाटी लावली. पण मेंढरं ओळखायची सवय काही सुटली नाही. गाड्यांना ते कधीही नंबरप्लेटनं ओळखत नसत. जिचा हॉर्न वाजत नव्हता ती मुकी. जिचा एक दिवा मिचमिचायचा ती डोळेमोडी. पांढरीशुभ्र, नवी आणि चिखलात जायला कुरकुरणारी, ती गोरी. आणि गंमत अशी की अण्णांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. कधी शिकलेच नाहीत. मी चालवायला लागलो तर ड्रायव्हरला रागावणार कोण, असं त्यांचं म्हणणं. अंगानं काटकुळे, डोक्याला गुलाबी पटका, आणि हातात कायम एक दस्ती. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. अण्णा तिनं घाम कमी पुसायचे आणि गाड्या जास्त हाकायचे.

स्टँडवर तीन मालकांच्या गाड्या लागायच्या. एक अण्णांच्या, दुसऱ्या रफीकभाईंच्या 'सितारा'च्या आणि तिसऱ्या माणिकराव पाटलांच्या 'राजयोग'च्या. पुढचं भाडं कोणत्या गाडीला मिळणार, म्हणजे नंबर कुणाचा, हे ठरवायचं काम मात्र अण्णांकडे. ते त्यांना कुणी दिलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. जुन्या जिनिंग मिलच्या भिंतीलगत विटांची एक ओळ होती. दर गाडीमागे एक वीट, तिच्यावर ऑइलपेंटनं गाडीचं नाव. भाडं करून गाडी परत आली की तिची वीट ओळीच्या शेवटी जायची आणि पुढची गाडी गेली की बाकीच्या विटा पुढे सरकायच्या. त्यामुळे ड्रायव्हर गाडी घेऊन खुशाल घरी जेवायला, झोपायला, सासुरवाडीला जायचा. त्याची वीट रांगेत उभी असायची. विटेला हात लावायचा हक्क फक्त अण्णांचा. आपला नंबर चुकला असं वाटलेला ड्रायव्हर येऊन अण्णांना यथेच्छ शिव्या द्यायचा. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, "झालं का? मंग आता पाणी पी," म्हणायचे. वीट जागची हलायची नाही.

मग मोठ्या शहरातली टॅक्सीची एक बडी कंपनी जालन्यात आली. तिचं ॲप होतं. स्टेशनावर उतरलेली माणसं, बियाण्याच्या कंपनीत आलेले पाहुणे, स्टीलच्या कारखान्यात आलेले साहेब, सगळे खाली मान घालून फोनकडे बघत स्टँडवरून सरळ पुढे जाऊ लागले. आमच्या स्टँडवर विटा हलेनात. दिवसदिवसभर तीच वीट पहिली. दोन ड्रायव्हर कंपनीकडे निघून गेले आणि बाकीचे जायच्या बेतात होते. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत स्टँड उठणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

अण्णांनी काय केलं, तर माझ्या दुकानात येऊन कंपनीचं ॲप स्वतःच्या फोनवर घालून घेतलं आणि त्यांचीच गाडी बोलावून उगाच गावातून एक चक्कर मारून आले. परत आले ते मोठ्या विचारात. ड्रायव्हर टेंभुर्णीकडचा निघाला होता आणि लांबून नात्यातलाही. त्याला अण्णांनी विचारलं, तुझा नंबर कोण लावतं? तो म्हणाला, माहीत नाही. मग चुकला तर शिव्या कुणाला देतोस? तो म्हणाला, कुणालाच नाही, तिथं माणूसच नाही. हे अण्णांच्या मनाला फार लागलं. माणसाला शिव्या द्यायलाही कुणी नसावं, म्हणजे बिलकुल अनाथपणा झाला, असं ते मला दोन-तीनदा म्हणाले.

उपाय तसा सोपा होता. तिघांनी मिळून एकच ॲप काढायचं. फोन कुणालाही येवो, तिघांपैकी ज्याची गाडी मोकळी असेल ती जाईल. रफीकभाईंची थोरली मुलगी नीलोफर पुण्यात इंजिनीअर होती, ती ॲप करून द्यायला तयार होती. अडचण एवढीच होती की रफीकभाई आणि माणिकराव एकमेकांशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. कारण एक लग्न. माणिकरावांच्या पुतण्याची वरात निघाली असताना रफीकभाईंच्या ड्रायव्हरनं भर रस्त्यात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीला ओव्हरटेक केलं आणि वेशीवर तो आधी पोचला. नवरीकडच्या बायकांनी त्याच गाडीला ओवाळलं, आतल्या माणसाला कुंकू लावलं, हार घातला. आत आचारी बसला होता. पाटलांना हे कसं सहन व्हावं.

अण्णांनी यावर काढलेली तोड मी जन्मात विसरणार नाही, कारण त्यात फोन मला करायला लावले. मी आवाज बदलून दोघांना वेगवेगळं सांगितलं की एका कारखान्याच्या गाड्यांचं वर्षभराचं काम आहे, आमचे साहेब जांब समर्थला दर्शनाला येणार आहेत, मालकांनी स्वतः गाडी घेऊन तिथं यावं. दोघंही इस्त्रीचे कपडे घालून जांबला पोचले. देवळाबाहेर लिंबाच्या झाडाखाली सांडूअण्णा बसलेले. शेजारी भाकरी, पिठलं आणि ठेचा. ते पहाटेच्या एसटीनंच आले होते. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले, साहेबांची वाट बघत. तेवढ्यात अण्णांनी परभारे दोन्ही ड्रायव्हरांना गाठलं, दर्शन करून जालन्याला परतणारे भाविक त्यांच्या गाड्यांत भरून दिले आणि "मालकायनं सांगितलंय, सोडून ये" म्हणून दोघांनाही रवाना केलं.

मालकांना कळलं तेव्हा गाड्यांची धूळसुद्धा बसली होती. माणिकरावांनी आपल्या ऑफिसला फोन लावला. एकही गाडी मोकळी नव्हती, नेमकी त्या दिवशी दाट लग्नतिथ होती, सगळ्या गाड्या वऱ्हाडाला गेलेल्या. रफीकभाईंनी आपल्या ऑफिसला लावला. तिथंही तेच. माणिकरावांनी मग नाइलाजानं, जरा बाजूला जाऊन, कंपनीचं ॲप उघडलं. त्यात आलं, या भागात सेवा उपलब्ध नाही. अण्णा भाकरी मोडत सगळं बघत होते.

"तुमच्या दोघायच्या मिळून स्टँडभर गाड्या हायेत," ते म्हणाले, "अन् तुम्ही दोघं इथं उन्हात उभे. गिऱ्हाइकाला रोज असंच होऊन राह्यलं. बसा, जेवून घ्या. मुकी येऊन राह्यली."

मुकी आली ती संध्याकाळच्या सुमारास. पुढच्या सीटवर सरकीची पोती होती, म्हणून तिघांना मागं एकाच बाकावर बसावं लागलं, अण्णा खिडकीशी आणि ते दोघं शेजारी शेजारी. अर्धा रस्ता कुणी बोललं नाही. मग एका खड्ड्यानंतर रफीकभाई म्हणाले, "पाटील, जरा सरका." माणिकराव सरकले. कित्येक वर्षांचा अबोला असा सुटला आणि जालना येईपर्यंत एकत्र ॲप काढायचं ठरलं. आचाऱ्याचा विषय त्यानंतरही निघायचा, पण हसण्यावारी.

नीलोफर सुट्टी काढून आली. हुशार मुलगी, आणि वडिलांसारखी तोंडाची फटकळ. तिनं ॲप केलं, प्रत्येक गाडीसाठी माझ्याच दुकानातून एकेक स्वस्तातला वेगळा फोन घेतला, आणि सगळ्या ड्रायव्हरांना स्टँडवर बसवून समजावलं. गिऱ्हाइकाच्या सगळ्यात जवळ जी गाडी असेल तिला भाडं जाणार. ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, ॲपला गाडी कुठंय ते कसं कळतं? ती म्हणाली, फोनवरून. सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या, आणि या वेळी जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर जिनिंगच्या भिंतीलगत विटांची ओळ, आणि प्रत्येक विटेवर एक नवा कोरा फोन. स्टँडवर गाडी एकही नाही. स्टेशनावरच्या गिऱ्हाइकाच्या जवळ राहायला हवं ना, मग फोन राहील. गाडी घरी, ड्रायव्हर घरी. वर्षानुवर्षं विटांच्या भरवशावर राहिलेल्या माणसांनी याहून वेगळं काही केलं असतं तरच नवल.

थोड्या वेळानं पहिलं बुकिंग आलं आणि भिंतीखालचे फोन एकदम ठणाणा करू लागले. अण्णा एकटेच. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, दस्तीनं तोंड पुसलं, पहिल्या विटेवरचा फोन उचलून हिरव्या बटणावर अंगठा दाबला. बाकीचे फोन गप्प झाले. मग तो फोन हातात धरून अण्णा तरातरा स्टेशनाकडे निघाले.

पुढचं मला त्या गिऱ्हाइकानंच सांगितलं. नागपूरचे एक गृहस्थ, बियाण्याच्या कंपनीत आलेले. त्यांच्या फोनवर गाडी दिसत होती. गाडी अतिशय सावकाश येत होती. भाजीमंडईत शिरली, तिथं जरा थांबली, मग नाल्यावरून पलीकडे गेली, आणि जिथं नकाशात रस्ताच नव्हता अशा एका भिंतीतून आरपार निघाली. गृहस्थ डोळे फाडून बघत होते. शेवटी फोन म्हणाला, तुमची गाडी पोचली आहे. त्यांनी मान वर केली तर समोर गुलाबी पटक्यातले एक काटकुळे गृहस्थ घाम पुसत उभे.

"चला साहेब," अण्णा म्हणाले आणि त्यांची बॅग उचलून चालू लागले.

तोवर मी ड्रायव्हरला घरून पिटाळून आणलं होतं. अण्णांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि गाडीचा नंबर कसा लागतो ते विटा दाखवून समजावलं. गृहस्थ इतके हसले की परतीचं बुकिंगही आमच्याकडेच करून गेले. नीलोफर मात्र हसली नाही. ड्रायव्हरांवर ती अशी काही भडकली, की रफीकभाईच दुकानाच्या मागं जाऊन उभे राहिले.

खरा पेच पुढेच होता. फोन गाडीत राहू लागले, ॲप चालू लागलं, गिऱ्हाईक परत यायला लागलं. पण स्टेशनाच्या आसपास घिरट्या घालणाऱ्या दोन-चार गाड्यांनाच सगळी भाडी मिळायची. सकाळपासून थांबलेला ड्रायव्हर तसाच बसून. भांडणं पेटली, माणिकरावांच्या माणसांनी एक दिवस फोन बंदच करून ठेवले. आता जे इतक्या खटपटीनं जुळवलं ते मोडतंय असं वाटायला लागलं. तेव्हा माझ्या दुकानात सगळे जमले. नीलोफर म्हणाली, गावाच्या हद्दीत जवळची गाडी न बघता नंबर बघायचा, असं ॲपमध्ये घालता येईल, पाच-दहा मिनिटं उशीर होईल इतकंच. सगळे एकदम खूश झाले. ती मात्र अण्णांकडे बघत होती.

"अण्णा, नंबर ॲपनं लावला तर मग तुम्ही काय करणार?"

कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. अण्णांच्या मात्र आलं होतं, बहुतेक जांबच्या लिंबाखाली बसले होते तेव्हाच. माझ्या काउंटरवरचा एक पेचकस उचलून त्यांनी उगीच इकडून तिकडं ठेवला.

"टाक त्याच्यात," ते म्हणाले. "मी लई वर्षं शिव्या खाल्ल्या. आता त्याला खाऊ दे जराशा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या रात्री मी बायकोला सांगितलं की आज एका माणसानं स्वतःचं काम आपल्या हातानं दुसऱ्याला देऊन टाकलं, आणि वर विनोद केला.

स्टँड टिकला. कंपनीच्या गाड्या आजही आहेत, पण आमच्याही पळतात, आणि जाफराबाद, परतूर, घनसावंगीकडे तर आमच्याच. अण्णा रोज यायचे आणि माझ्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसून राहायचे. ॲपनं नंबर चुकवला असं वाटलं की ड्रायव्हर नीलोफरला फोन करायचे, ती नीट समजावून सांगायची, आणि त्यांना ते पटायचं नाही. मग फोन घेऊन अण्णांकडे यायचे. अण्णा फोन लांब धरायचे, डोळे बारीक करून बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. त्याचाच नंबर." ड्रायव्हर गुमान निघून जायचा. त्यांचा चष्मा कितीतरी दिवस फुटलेला होता हे फक्त मला माहीत होतं.

मग उन्हाळ्यात एके दिवशी नीलोफरचा मला पुण्याहून फोन आला. आवाजात काळजी. म्हणाली, ॲपमध्ये काहीतरी मोठा घोळ झालाय, अण्णा एकाच वेळी पाच गाड्यांत बसलेत. एक टेंभुर्णीला निघालीय, एक अंबडला, एक दवाखान्यात, आणि आठवडाभर हेच चाललंय. कुणी त्यांच्या नावानं उद्योग करतंय का बघ. मी चौकशी करायला स्टेशनावर गेलो.

अण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. रेल्वे आली की उतरलेल्या गर्दीत ते फोन काढणाऱ्यांकडे बघतसुद्धा नसत. फोन न काढणारे शोधायचे. म्हातारी माणसं, पोटाशी पिशवी धरलेल्या बाया, शेळी घेऊन आलेला एखादा. ॲप आल्यापासून ही माणसं कुणाच्याच नंबरात नव्हती. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवायची आणि गाड्या त्यांच्यासमोरून दुसऱ्याच्या बुकिंगला निघून जायच्या. अण्णा त्यांना कुठं जायचं ते विचारायचे आणि आपल्या नावावर गाडी बोलवायचे. हिशोबानं जालना जिल्ह्यात त्यांच्याइतका प्रवास कुणीच करत नव्हतं. मी नीलोफरला कळवलं. ती म्हणाली, राहू दे, तो घोळ मी दुरुस्त करत नाही.

त्याच उन्हाळ्यात अण्णा गेले, केदारखेड्याला, झोपेत. मला आजही चुकल्यासारखं होतं. दुकानात बसलो की समोरची रिकामी खुर्ची नको वाटते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, स्टेशनाबाहेर. एक म्हातारी होती, नऊवारीतली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेली, हिरवी पट्टी बांधलेली. एकटीच. तिला जाफराबादकडे जायचं होतं. अण्णांनी गाडी बोलावली, तिची वळकटी मागं ठेवली, तिला हात धरून आत बसवलं. ड्रायव्हरला म्हणाले, हिला घराच्या दारात सोड, फाट्यावर न्हाई. म्हातारीनं विचारलं, तुमचं नाव काय म्हणायचं, भाऊ? त्यांनी दार लावून घेतलं आणि गाडी हलली.

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन बोलला. नीलोफरनं स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेलं वाक्य होतं ते. "सांडूअण्णा, तुमचा प्रवास सुरू झाला आहे."

"बरं," अण्णा फोनला म्हणाले, आणि पुढच्या गाडीची वाट बघत तिथंच उभे राहिले.